सलिमाबाईंचा खुलासा

सलिमा मुजावर बाई आमच्या शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवतात. शाळा पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत आहे आणि बाई राहतात गडमुडशिंगीत, म्हणजे कोल्हापूरच्या पार पलीकडच्या टोकाला. सकाळी सहाची केएमटी, मग स्टँडवरून एसटी, मग फाट्यापासून दीड किलोमीटर चालत. अकरा वर्षं हे चाललंय. या अकरा वर्षांत बाई एकदाही परिपाठाला उशिरा आल्या नाहीत, त्यामुळं जे जे म्हणून उशिरा येतं त्या सगळ्यावर त्यांचा राग असतो. एसटीवर, पोषण आहाराच्या तांदळावर, पाठ्यपुस्तकांवर आणि माझ्यावर.

मी स्नेहल. तीन वर्षांपूर्वी या शाळेत लागले. पहिल्याच आठवड्यात बाई माझ्या वर्गावरून जाताना थांबल्या, आत आल्या, फळ्यावरच्या एका शब्दाची वेलांटी पुसून नीट केली आणि निघून गेल्या. पोरं हसली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत वरून पत्र आलं. कोल्हापुरात कुठल्याशा प्रतिष्ठाननं तीन दिवसांचा लोककला महोत्सव भरवला होता. मुलांना आपल्या कलांची ओळख व्हावी म्हणून शाळांनी तिथं शैक्षणिक भेट काढावी, फोटो अॅपवर टाकावेत आणि सोबतची प्रश्नावली प्रत्येक मुलाकडून भरून घ्यावी, असं त्यात होतं. आमचे मुख्याध्यापक सयाजी खोत सर. त्यांची एक सवय आहे. कुठलंही पत्र आलं की ते वाचतात, मधोमध घडी घालतात आणि सलिमाबाईंच्या टेबलावर ठेवतात. तुमच्याइतकं नीट कुणाला जमतंय, एवढं म्हणून चहाला जातात. या एका वाक्यावर त्यांनी बाईंकडून बावीस सहली काढून घेतल्या होत्या.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग मला हाक मारली आणि म्हणाल्या, तू येणार आहेस. मी येणार का, असं त्यांनी विचारलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस नुसती कटकट. पालकांची संमतीपत्रं गोळा करायची होती. एकानं सही इंग्रजीत केली आणि तारीख घालायची विसरला. एका आईनं लिहून पाठवलं की पोरगीला न्या, पण म्हशीची धार काढायच्या आत आणून सोडा. एकानं संमतीपत्र परत पाठवलंच नाही आणि सहलीच्या दिवशी पोराला डबा देऊन सकाळी सातला फाटकात उभं केलं. शाळेनं फलक छापून घेतला, त्यावर ‘शैक्षणिक’मधला णि दीर्घ आला. खोत सर म्हणाले, फोटोत कोण वेलांटी बघतंय. बाईंनी घरून पांढरा कागद आणि काळा मार्कर आणला आणि ती वेलांटी झाकून त्यावर नवीन काढली. लांबून ते ठिगळ जास्तच दिसत होतं.

सहलीच्या दिवशी आठ वाजता निघालो. त्रेचाळीस मुलं, त्यातल्या चोवीस मुली, आम्ही दोघी आणि शाळेनं मागवलेली एसटी. सव्वादहाला कळंब्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या मैदानात पोचलो. मोठा मांडव होता. स्टेजवर फुलांची कमान, दोन्ही बाजूंना मोठे पडदे, आणि समोर हजारभर खुर्च्या. त्या खुर्च्यांत माणूस नव्हतं. शाळांची पोरं तेवढी होती. आमच्यासारख्या सहा-सात शाळा आणल्या होत्या.

तिथं राजवर्धन नावाचा एक संयोजक होता. तिशीचा असेल, अंगात जाकीट, हातात वॉकीटॉकी. बोलायला गोड. त्यानं आम्हाला पुढच्या चार रांगांत बसवलं. कॅमेऱ्यात पोरं छान दिसतात, म्हणाला. मग माईक घेऊन टाळ्या कशा वाजवायच्या ते शिकवायला लागला. प्रमुख पाहुणे आले की आधी हळू, मग जोरात. पोरांनी सहा वेळा सराव केला. बाईंनी त्याला कार्यक्रम कधी सुरू होणार ते विचारलं. साहेब आले की लगेच, अकराला, असं उत्तर मिळालं.

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. एक गृहस्थ प्रास्ताविक करायला उभे राहिले आणि लोककलेचं महत्त्व सांगू लागले. ते दमले तेव्हा दुसरे उठले आणि पहिल्यांनी सांगितलेलंच सांगू लागले. पोरांच्या मांडीवर प्रश्नावल्या होत्या. पहिला प्रश्न, कोणता कलाप्रकार पाहिला. दुसरा, त्यात वापरलेल्या वाद्यांची नावे लिहा. सातवीतली क्रांती ही आमची सगळ्यात प्रामाणिक मुलगी. तिनं हात वर केला आणि विचारलं, “बाई, भाषण हा कलाप्रकार हाय का?”

बाईंनी तिला जागा कोरी ठेवायला सांगितलं. तिच्या शेजारच्या पोरानं तोवर वाद्यांच्या पुढं ‘माईक’ असं लिहून टाकलं होतं.

बाराच्या सुमाराला मुलींची चुळबुळ सुरू झाली. मी त्यांना घेऊन मांडवामागं गेले. तिथं चार फिरती शौचालयं उभी होती, कोरी करकरीत, आणि चारीला कुलपं. पहारेकऱ्यानं सांगितलं की ती पाहुण्यांसाठी आहेत, पोरांनी घाण केली तर साहेबांना काय दाखवायचं. किल्ली कुणाकडं आहे? एका कार्यकर्त्याकडं. तो कुठं आहे? साहेबांना आणायला विमानतळावर गेलाय.

मी परत येऊन बाईंना हे सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि पर्स खांद्याला लावली. मुलांकडं मला बसवून त्या चोवीस मुलींना घेऊन मैदानाबाहेर गेल्या. पुढचं मला मुलींकडून कळलं. रस्त्यापलीकडं घरं होती. पहिल्या घराला कुलूप, दुसऱ्या घरातल्या माणसानं दारातूनच हात हलवला. तिसऱ्या घरात बायडाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी रांग बघितली आणि विचारलं, “कुठलं गं पावणं एवढं?” बाईंनी सांगितल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं, बॅरलवरचं झाकण काढलं आणि स्वतः बादल्या भरून द्यायला लागल्या. चोवीस मुली व्हायला पाऊण तास लागला. शेवटी बॅरल तळाला गेलं. दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात एवढं पाणी संपवलं म्हणून बाई ओशाळल्या. बायडाबाईंनी त्यांनाच चहाला बसा म्हणून आग्रह केला.

त्या परत आल्या तेव्हा इकडं आमची जागा गेलेली होती. साहेबांचे कार्यकर्ते गाड्या भरून आले होते आणि राजवर्धननं आम्हाला उठवून मागं, मांडवाच्या खांबांच्या मागं बसवलं होतं. मी वाद घातला होता, पण माझ्या वादाला कोण विचारतंय. तिथून स्टेजचा कोपरा दिसत होता आणि पंखा दिसत होता. सव्वा वाजला होता. साहेबांचा पत्ता नव्हता. राजवर्धन आमच्याकडं येऊन सांगून गेला की साहेब आले की पोरांना मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना उभं करायचं आहे, फुलं टाकायला.

बाईंनी मला हळू आवाजात विचारलं की एसटी डेपोला किती वाजता परत द्यायची आहे. पाचला, मी म्हणाले. त्यांनी मनात हिशेब केला. मग उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, “दोघंदोघं रांगेत. दप्तरं घ्या.”

पोरं उठली. त्रेचाळीस खुर्च्या एकदम सरकल्या की मांडवात केवढा आवाज होतो, ते त्या दिवशी कळलं. बाई पुढं आणि मी सगळ्यांत मागं, असे आम्ही मधल्या वाटेनं निघालो. राजवर्धन धावत आला. सुरुवातीला अजिजी करत होता. पाच मिनिटांत साहेब येतायत, असं जाऊ नका, मोकळ्या खुर्च्या कॅमेऱ्यात वाईट दिसतील. बाई वर्गात कधीही बोलीत बोलत नाहीत, पोरांनाही बोलू देत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांची गडमुडशिंगी बाहेर आली.

“आम्ही पोरास्नी बघायला आणलंय, दिसायला न्हाय,” त्या म्हणाल्या. “सकाळधरनं एक टिपरू वाजलं न्हाय इथं. दाखवणार असशील तर दाखव, न्हायतर वाट सोड.”

तो म्हणाला, मॅडम, तुमच्या ऑफिसला कळवावं लागेल. बाई म्हणाल्या, कळव की. मुजावर नाव हाय, दीर्घ न्हाय कुठं, चुकायचं न्हाईस.

आता खरं सांगायचं तर मला परत जाऊन बसावंसं वाटत होतं. माझी नोकरी अजून पक्कीही झाली नव्हती. पण तेवढ्यात पलीकडच्या रांगेत एका शाळेचे गुरुजी उठले, त्यांची पोरं उठली. मग तिसरी शाळा. राजवर्धननं सगळा मांडव एकदा बघितला आणि वॉकीटॉकीवर काहीतरी बोलला. मग कोरड्या आवाजात म्हणाला की साहेब येईपर्यंत एक प्रकार लावतो, पोरांना पुढं बसवा. आम्ही पुढं जाऊन जमिनीवर बसलो, कार्यकर्त्यांच्या पायांपुढं.

स्टेजवर धनगरी ढोलाचं पथक आलं. बारा माणसं होती, बहुतेक साठीच्या पुढची. पांढरे अंगरखे, डोक्याला फेटे, हातात रंगीत रुमाल, दोघांच्या गळ्यात मोठे ढोल. ते सकाळी सातपासून जनरेटरशेजारी बसून होते, हे नंतर कळलं. त्यांचा म्होरक्या केरबा नावाचा म्हातारा होता, त्याच्या गुडघ्याला पट्टा बांधलेला. राजवर्धन त्याच्या कानाशी लागून पाच मिनिटांत आटपा असं काहीतरी सांगत असावा, कारण माईक चालू होता आणि केरबाचं उत्तर सगळ्या मांडवाला ऐकू आलं.

“पाच मिन्टात ढोल गळ्यात बसतोय नुसता,” तो म्हणाला. “लागला की मग आमचा आमीच थांबिवतो.”

आणि ढोल लागला. मी कोल्हापुरातच वाढले, मिरवणुकीत ढोल शंभरदा ऐकलेत, तरी मला वाटत होतं की आता कान बधिर होणार. तसं झालं नाही. सुरुवातीला फार हळू होतं. ढोलवाल्यांभोवती बाकीची म्हातारी माणसं गोल फिरत होती, दोन पावलं आत, एक मागं, वाकायचं, रुमाल खाली न्यायचा, परत वर. एवढंच. मग ढोलाचा ठेका कणभर वाढला. मग आणखी कणभर. कधी वाढला ते पकडायला जावं तर तो पुढं गेलेला असायचा. केरबा पट्ट्यासकट जमिनीपर्यंत वाकत होता. क्रांती बोटांवर मात्रा मोजत होती आणि पुन्हापुन्हा चुकत होती. सकाळपासून एकमेकांना चिमटे काढणारी पोरं तोंड उघडं टाकून बसली होती.

मी बाईंकडं बघितलं. त्या मुलांकडं पाठ करून उभ्या होत्या, स्टेजकडं तोंड करून. नंतर एकदा चहा पिताना मला म्हणाल्या की बावीस सहलींत त्यांनी पन्हाळा, जोतिबा, तारांगण, मत्स्यालय सगळं केलं, पण प्रत्येक ठिकाणी त्या पोरांची डोकी मोजत होत्या. किल्ल्यावरून काय दिसतं ते त्यांना अजून माहीत नाही.

दहा-बारा मिनिटांनी बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले. साहेब आले. राजवर्धन स्टेजच्या कडेला उभा राहून दोन्ही हातांनी थांबा, थांबा करत होता. निवेदकानं माईक घेऊन स्वागताचे दोन शब्द उच्चारले, ते ढोलात बुडाले. केरबानं त्या दोघांकडं बघितलंच नाही. साहेब मधल्या वाटेत उभे राहिले. फुलं टाकायला कुणी नव्हतं. मग त्यांनी स्वतःच कडेची एक खुर्ची ओढली, बसले आणि शेवटपर्यंत बघत राहिले. खेळ संपल्यावर सगळ्यांत आधी टाळ्या त्यांनी वाजवल्या. त्यांची काहीही तक्रार नव्हती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

नंतर सत्कार सुरू झाले. दोन वाजून दहा मिनिटांनी बाईंनी पुन्हा रांग लावली आणि आम्ही निघालो. गाडीत पोरांनी डबे खाल्ले आणि मग सीटच्या पाठीवर तो ठेका धरला. रंकाळा मागं पडला तरी थांबेनात. माझं डोकं दुखायला लागलं होतं. ड्रायव्हर दोनदा ओरडला, बाई तीनदा ओरडल्या. मग बाईंनी खिडकीला डोकं टेकलं आणि नाद सोडला. शाळेपाशी उतरेपर्यंत ते चालू होतं.

पाचव्या दिवशी पत्र आलं. मान्यवरांच्या उपस्थितीत विद्यार्थ्यांना कार्यक्रमातून उठवून शिस्तभंग केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. खोत सरांनी या वेळी घडी घातली नाही, हातातच धरून आले. चेहरा उतरलेला. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती आणि शाळेच्या नावानं असं खुलाशाचं पत्र यायची ही पहिलीच वेळ. त्यांनी रात्रभर बसून बाईंच्या वतीनं एक माफीनामा लिहून आणला होता. फक्त सही करा, बाई, म्हणाले, विषय संपतोय.

बाईंनी लाल पेन काढलं. माफीनामा शेवटपर्यंत वाचला. सात ऱ्हस्व-दीर्घ, दोन अनुस्वार आणि एक चुकलेलं विशेषण दुरुस्त केलं. मग तो सरांना परत दिला. सही केली नाही. सर त्यांच्याशी दहा दिवस बोलले नाहीत, आणि दोघांच्या मधले निरोप मला पोचवावे लागले. एकाच खोलीत, चार फुटांवर बसलेल्या दोन माणसांचे.

बाईंनी स्वतःचा खुलासा लिहिला. पाच ओळींचा. सकाळी सव्वादहा ते दुपारी सव्वा या वेळेत मुलांना दाखवण्यासारखं काहीही नव्हतं. मुलींच्या शौचालयाला कुलूप होतं. मुलांना स्टेज दिसत नव्हतं. म्हणून मी त्यांना उठवलं. पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा उठवीन. सोबत त्रेचाळीस प्रश्नावल्या जोडल्या, त्या पोरानं ‘माईक’ लिहिलेलीसुद्धा.

वरून सरांना फोन आला की शेवटचं वाक्य तेवढं काढायला सांगा. सरांनी मला सांगितलं, मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, वाक्य शुद्ध आहे, काढायचं कारण नाही. शेवटी त्यांना समक्ष बोलावलं. एक किरकोळ रजा खर्ची घालून त्या गेल्या, दोन तास बाहेरच्या बाकावर बसल्या. आत एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी फक्त कुलपाबद्दल विचारलं, वहीत लिहून घेतलं आणि बाईंना जायला सांगितलं.

सगळं मिटलं असं आम्हाला वाटलं. महिन्यानं आदेश आला. खुलासा अंशतः मान्य, संबंधित शिक्षिकेस भविष्यासाठी समज देण्यात येत आहे.

समज म्हणजे काही शिक्षा नव्हे. पगार कापला नाही, बदली झाली नाही. पण तो कागद त्यांच्या नावानं फायलीत लागला. मी बाईंना चिडलेलं रोज बघते, त्या दिवशी मात्र त्या चिडल्या नाहीत. मधल्या सुट्टीत डबा उघडून बसल्या आणि तसाच बंद केला. अठ्ठावीस वर्षांत एकही शेरा नव्हता गं, एवढंच म्हणाल्या. मी आदेशात चुका काढा, असं म्हणून बघितलं. त्या म्हणाल्या, एकही नाही, बघितलं मी.

त्यांचे यजमान गौसभाई फाउंड्रीतून निवृत्त झालेत, शांत माणूस. ते एकदा बाईंना सोडायला गाडीवरून आले तेव्हा मला म्हणाले की घरी ती यावर काही बोलत नाही, तुम्ही तरी बोलतं करा. मी प्रयत्न केला. बाईंनी मला सातवीच्या वह्या तपासायला दिल्या.

त्यानंतर बाईंनी खोत सरांना लेखी दिलं की यापुढं सहलीची जबाबदारी घेणार नाही. सरांनी तो कागद वाचला. या जानेवारीत पुन्हा पत्र आलं तेव्हा त्यांनी घडी घातली आणि ते माझ्या टेबलावर ठेवलं. तुमच्याइतकं नीट कुणाला जमतंय, म्हणाले.

संमतीपत्रं मी गोळा केली, एसटी मी ठरवली. निघायच्या दिवशी पावणेसातला शाळेत पोचले तर फाटकाशी सलिमाबाई उभ्या. पहाटेची कुठली गाडी धरून आल्या होत्या कोण जाणे. मी त्यांना बोलावलं नव्हतं. त्यांनी मुलांची यादी मागितली, चष्मा लावला आणि ती बघून भुवया चढवल्या. यादी मी पेन्सिलीनं लिहिली होती.

पावसात, घामात पुसून गेली तर कुणाला विचारणार, म्हणाल्या. मी म्हणाले, बाई, जानेवारीत कुठला पाऊस. त्यांनी पेन काढून माझ्या हातात दिलं. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं, पोरं खिडक्यांतून ओरडत होती, खोत सर घड्याळ दाखवत होते. बाई दारात पायरीवर उभ्या राहिल्या, त्यामुळं गाडी हलेना. मी बॉनेटवर कागद ठेवून सगळी यादी पहिल्यापासून पेननं लिहून काढली.